सात महिने वापरलेला ओबीडी स्कॅनर: कोड एकही नाही, तरी रेस चढलेली

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि चालू इंजिनाचे आकडे फोनवर दाखवणारा हा ब्लूटूथ स्कॅनर मी 750 रुपयांना घेतला तो नाइलाजाने. गाडी 2014 ची, 1.2 लिटर पेट्रोल, केबलचा थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप). टाकीतला फ्युएल पंप गेला म्हणून ठाण्यातल्याच एका गॅरेजला दिली. त्यांनी पंप बदलला आणि लगे हात इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) काढून साफ केले. गाडी घेऊन निघालो, तीन हात नाक्याच्या सिग्नलला क्लच दाबला, तर ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन मिनिटाला 1,900 फेऱ्यांवर ओरडत होतं. मध्येच 1,300 वर पडायचं, परत चढायचं. घोडबंदर रोडच्या गर्दीत क्लच जरा सोडला की गाडी आपणहून पुढच्या गाडीकडे ओढायची. मागच्या सीटवर मुलगी होती. घरी पोचेपर्यंत शर्ट घामाने भिजला होता.

गॅरेजवाले आधी म्हणाले, नवीन पंपाचं प्रेशर आहे, दोन दिवसांत सेट होईल. मग म्हणाले, थ्रॉटल बॉडी बदला. पहिलं कारण मला तेव्हाच पटलं नव्हतं. पेट्रोल इंजिनाची रेस हवेवर ठरते. नुसतं पेट्रोल जास्त गेलं तर वास येईल, काळा धूर येईल, गाडी गुदमरेल. पण 1,900 वर फिरत राहायला तेवढी हवा आत जावीच लागते. ती येतेय कुठून, एवढाच खरा प्रश्न होता.

स्कॅनर स्टिअरिंगखालच्या 16 पिनच्या सॉकेटमध्ये लावला. कोड एकही नाही. इथेच बरेच जण तो काढून ठेवतात, आणि या उपकरणाचा खरा उपयोग इथूनच सुरू होतो. चालू इंजिनाचे आकडे बघितले. कूलंट 89 अंश, म्हणजे इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रेस वाढवत नव्हता. थ्रॉटल 13 टक्के. पॅडल दाबून सोडलं की दर वेळी परत 13 वरच, म्हणजे केबल कुठे अडकत नव्हती. जी बॉडी बदलायला सांगितली होती ती वागायला अगदी व्यवस्थित. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या पेट्रोलमध्ये किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, अधिक-उणे 4 च्या आत, आणि या आकड्याने मला फसवलं. इंजिन बाहेरची हवा ओढत असेल तर ट्रिम बराच वर जातो असं वाचलं होतं, म्हणून हवेची शंका मी सोडूनच दिली.

वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मेकॅनिकना फोनवरचे हे आकडे दाखवले. सगळे त्यांना दादा म्हणतात. ते म्हणाले, "अहो, तुमच्या गाडीत हवा मोजायचा सेन्सर नाही, मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधलं, प्रेशर मोजणारा आहे. चोरून आलेल्या हवेचं प्रेशरही त्याला कळतं, ईसीयू तिच्यापुरतं पेट्रोल सोडतो आणि रेस चढते. ट्रिम फारसा हलणार नाही. गाडी हवा घेतेय, आणि शेवटचा हात जिथे लागला तिथूनच घेत असणार." वर-खाली होण्याचं कारणही त्यांनी सांगितलं: थ्रॉटल बंद (13 टक्के म्हणजे बंदच) आणि रेस जास्त म्हटल्यावर गाडी उतारावर आहे असं ईसीयूला वाटतं, तो पेट्रोल तोडतो, रेस पडली की परत सोडतो.

हवा तिथून शिरतेय का बघायला त्यांनी आधी ब्रेक बूस्टरचा पाइप पक्कडीत कापड धरून दाबला. काही फरक नाही. मग स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन एकेका इंजेक्टरच्या बुडाशी मारलं. तिसऱ्यापाशी फेस सुर्रकन आत ओढला गेला आणि फोनवरचा आकडा 1,850 वरून 1,300 वर आला. कार्ब क्लीनरने हे करू नका. गरम इंजिनावर ते पेट घेऊ शकतं.

पंपाचा फ्यूज काढून गाडी उभीच ठेवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर उतरतं. मग रेल उचलली. तिसऱ्या इंजेक्टरची खालची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बसवताना चिमटली होती, नखाएवढा तुकडा कापला गेलेला. चारही रिंगा नव्या घातल्या, इंजिन ऑइलचं बोट लावून. रिंगांचे 160 रुपये. आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाची रेस, 800 वर आला तो आजतागायत तिथेच आहे.

स्कॅनरबद्दल तक्रारी आहेत. आकडे सेकंदभर मागे राहतात, त्यामुळे झटक्यात होणारा बिघाड यात पकडता येत नाही. गणपतीत गावी गेलो तेव्हा सॉकेटमध्येच विसरलो. दहा दिवसांनी बॅटरी उतरलेली. काम झालं की काढायचाच. आयफोन असेल तर घेण्याआधी तो त्याला जोडतो का ते विचारा, माझा फक्त अँड्रॉइडला लागतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला याचा उपयोग नाही.

आणि गाडी ठीक असतानाच एकदा सगळे आकडे लिहून ठेवा. माझ्याकडे ते नव्हते, म्हणून 13 टक्के बरोबर की चूक हे ठरवायलाच दोन दिवस गेले. आता दर महिन्याला सर्व्हिसच्या वहीत नोंद करतो. गेल्या रविवारची नोंद: आयडल 800, कूलंट 90, थ्रॉटल 13.