पहिला तंबू कुठे ठोकायचा: ब्रॉन्टे क्रीक की अल्गॉन्क्विन?

टोरोंटो-मिसिसॉगाकडच्या मराठी घरांत हिवाळा सरत आला की उन्हाळ्यातल्या कॅम्पिंगचा विषय निघतोच. जवळच्या ब्रॉन्टे क्रीकला जावं की थेट अल्गॉन्क्विन गाठावं? दोन्ही ऑन्टारियोची प्रोव्हिन्शियल पार्क, म्हणजे प्रांत सरकारची उद्यानं. तरी एकाची तयारी दुसऱ्याला पुरत नाही.

ब्रॉन्टे क्रीक ओकव्हिल आणि बर्लिंग्टनच्या मधोमध, क्यूईडब्ल्यू हायवेला लागूनच आहे. मिसिसॉगाहून साधारण अर्धा तास. जूनमध्ये शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालात तरी उजेडात तंबू उभा राहतो. विजेची सोय असलेल्या साइट मिळतात, म्हणजे सकाळचा चहा किटलीवर होतो. भारतातून आई-बाबा आले असतील किंवा मूल अगदी लहान असेल, तर माझं मत सरळ ब्रॉन्टेला. रात्री पोराला ताप आला, पाऊस झोडपायला लागला, तर सामान गुंडाळून घरी येता येतं. मात्र इथे पोहायला नैसर्गिक तलाव नाही आणि शहराच्या उजेडामुळे आकाश कधी पुरतं काळं होत नाही.

अल्गॉन्क्विन 1893 सालचं, ऑन्टारियोतलं सगळ्यात जुनं प्रोव्हिन्शियल पार्क. विस्तार सुमारे 7,600 चौरस किलोमीटर. टोरोंटोहून हंट्सव्हिलमार्गे तीन तास धरा, लाँग वीकेंडला त्याहून जास्त. पेट्रोल हंट्सव्हिललाच भरून घ्या. पार्कमधून जाणाऱ्या हायवे 60 च्या 56 किलोमीटरच्या पट्ट्यात गाडीने पोहोचता येणारे बरेच कॅम्पग्राउंड आहेत. नवख्यांनी लेक ऑफ टू रिव्हर्स बघावं: गरम पाण्याचे शॉवर, वाळूचा किनारा, जवळ दुकान. कॅनू लेकवर कॅनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, भाड्याने मिळतात. आणि ढग नसतील तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. मुलांना ती एकदा तरी दाखवाच.

पण एका रात्रीसाठी तिथे जाऊ नका. निम्मा वेळ गाडीतच जाईल, किमान दोन रात्री हव्यात. मेच्या मध्यापासून जूनभर ब्लॅकफ्लाय (चावणाऱ्या बारीक माश्या) आणि डास जीव नकोसा करतात. ब्लॅकफ्लाय कानामागे, केसांच्या कडेला चावते आणि रक्त निघाल्यावरच आपल्याला कळतं. म्हणून ऑगस्टचा उत्तरार्ध उत्तम, फक्त रात्रीसाठी स्वेटर हवा.

अस्वलांचं भान तर पाहिजेच. चिवडा, लाडू, लोणच्याची बरणी, इतकंच काय टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही. सगळं गाडीत, काचा बंद. खरकटी भांडी लगेच धुवायची. खाल्ल्याचा वास लागलेल्या कपड्यांत झोपू नये हेही मुलांना आधीच सांगा.

ऑन्टारियो पार्क्सच्या वेबसाइटवर बुकिंग दोन्हीकडे पाच महिने आधी, सकाळी 7 वाजता उघडतं. 10 ऑगस्टची साइट हवी तर 10 मार्चला लॉगिन करून बसायचं. अल्गॉन्क्विनचे शनिवार-रविवार पटकन जातात. रविवार ते गुरुवारची सुट्टी काढता आली तर जागाही मिळते आणि शांतताही. एका साइटवर साधारण 6 जण, त्यामुळे दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असाल तर शेजारशेजारच्या साइट एकाच वेळी घ्या.

तंबू नवा असेल तर मे-जूनमध्ये ब्रॉन्टेला एक रात्र काढा, ऑगस्टमध्ये अल्गॉन्क्विन. एकच सुट्टी हातात असेल आणि मुलं सात-आठ वर्षांपुढची असतील, तर मी अल्गॉन्क्विनच निवडेन. सरपण मात्र घरून नेऊ नका. लाकडातून झाडांना मारणारे किडे पसरतात, म्हणून सरपण पार्कजवळच विकत घ्या.