सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: घेताना काय बघाल

मोती तलावासमोरच्या राजवाड्यात हाताने रंगवलेली ही गोल पानं, म्हणजे जुन्या खेळातले पत्ते, नुसती भिंतीवर लावायला घेऊ नका, ती खेळायची आहेत. पूर्ण संच 120 पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी.

घेताना आधी पाठी तपासा. एखाद्या पाठीचा रंग जरा वेगळा असला तरी खेळात ते पान ओळखू येतं. मग कडेवरून बोट फिरवा, वरचा चकचकीत थर तिथेच आधी सुटतो. रंगकाम देखणं आहेच. मत्स्याच्या दश्शीवर दहा मासे एवढ्याशा गोलात, तरी गर्दी वाटत नाही.

नवख्यांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. निम्म्या अवतारांत प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का. घेतानाच नियम लिहून मागा.

ही कला विझत आली होती. 1970च्या दशकात इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती सावरली. संच थेट राजवाड्यातूनच घ्यावा, पैसा कलाकारांजवळ राहतो. कोकणातल्या पावसाळ्यात डबा कोरड्या जागी ठेवा, आणि ओलं फडकं पानांना अजिबात लावू नका.