सायकलला पीपीएफ: कोथरूडच्या रेडियमवाल्या काकांचं काम

कोथरूडमध्ये नंबरप्लेट आणि रेडियम करणारं एक छोटं दुकान आहे. तिथले काका हल्ली मोटारींना पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लावतात आणि उरलेले तुकडे जपून ठेवतात. त्याच तुकड्यांतून त्यांनी माझी माउंटन बाईक मढवून दिली. पहिल्या दिवशी कुठलीही फिल्म छानच दिसते, म्हणून अख्खा पावसाळा वेताळ टेकडीवर आणि मुळशीकडच्या कच्च्या वाटांवर काढल्यावर लिहितेय.

फ्रेम कुठे झिजते हे आधी बघायला हवं. सगळ्यांना काळजी डाउनट्यूबची, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीची, कारण पुढच्या चाकाने उडवलेले दगड तिथे बसतात. पण आपल्या पावसात खरा घात बीबीच्या, म्हणजे पेडलांचा आस फिरतो त्या जागेच्या, मागे होतो. चेनस्टे (तिथून मागच्या चाकाच्या आसाकडे जाणारी नळी) आणि टायर यांच्यात तिथे जेमतेम बोटभर फट असते. मुरमाचे खडे घेऊन चिकट माती टायरला धरते, त्या फटीत दाबून बसते, आणि फिरतं चाक पॉलिशपेपरसारखं रंग खरवडत राहतं. दुसरी जागा हेडट्यूबच्या, म्हणजे हँडल ज्यात फिरतं त्या पुढच्या नळीच्या, दोन्ही बाजू. हँडल वळलं की ब्रेकची होज (तेलाची नळी) आणि गिअरची केबल तिथे घासतात. मध्ये धूळ असली तर रंग उडून अ‍ॅल्युमिनियम दिसायला लागतं. सायकलसाठी आधीच कापलेल्या फिल्मच्या मी पाहिलेल्या तयार किटांमध्ये डाउनट्यूबची पट्टी भरपूर मोठी आणि या जागांना मात्र नखाएवढे तुकडे. म्हणून मापाने कापून घेणं मला पटलं.

काकांनी आधी कागदाचे साचे कापले. सायकल साबणाने धुतली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढला, शाम्पूचं पाणी फवारून फिल्म जागेवर सरकवली, रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकललं आणि वळणांवर गरम हवा देऊन कडा बसवल्या. माझी फ्रेम मॅट आहे, तर मॅट फिल्मच घ्या असा आग्रह त्यांनीच धरला; चकचकीत तुकडे मॅट रंगावर ठिगळासारखे दिसले असते. पीपीएफ साधारण ०.२ मिलिमीटर जाड असते. डाउनट्यूबच्या खालच्या भागाला मी स्वतः आणलेली हेलिकॉप्टर टेप लावून घेतली. हेलिकॉप्टरच्या पात्यांची पुढची कड वाळूने झिजू नये म्हणून वापरतात ती. दगडांसाठी तीच हवी. सिरॅमिक कोटिंगने चिखल लवकर सुटतो हे खरं, पण इतक्या पातळ थराने दगड अडत नाही.

चेनस्टेचा रंग आज जसाच्या तसा आहे. फिल्मवरचे बारीक ओरखडे कोमट पाण्याने पुष्कळसे मिटतात. बीबीजवळच्या वळणावर एक कड उचकटली आणि तिच्याखाली चिखलाची काळी रेघ बसली. काकांनी तो तुकडा एक पैसा न घेता बदलून दिला. फ्रेम धुताना फडकं कडेच्या दिशेने नाही, कडेला समांतर फिरवा, म्हणजे कड टिकते.

चाकांचं काम मात्र या दुकानात करू नका. मोटारीच्या सवयीने काकांनी टायर काळे कुळकुळीत करायला सिलिकॉनचा स्प्रे काढला होता, तो मी थांबवला. त्याचे कण ब्रेकच्या डिस्कवर गेले की ब्रेकचे पॅड ते शोषतात, ब्रेक किंचाळतात आणि धरत नाहीत. डिझेल वॉशचंही तेच. घरी बादलीभर पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. रिंगमध्ये तारांच्या मुळाशी अडकलेली माती जुन्या टूथब्रशने काढा. तिथे ओल राहिली तर निपल, म्हणजे तारा आवळणारे छोटे नट, गंजून धरतात आणि पुढे आउट काढायला, म्हणजे डगमगणारं चाक सरळ करायला, बसलं की तुटतात. प्रेशरचा पाइप हबवर (चाकाच्या मधल्या भागावर), हेडसेटवर (हँडलच्या बेअरिंगवर) किंवा फोर्कच्या (पुढच्या चिमट्याच्या) सीलवर कधीच रोखू नका, पाणी बेअरिंगमधलं ग्रीस घेऊन जातं. डिस्कला फक्त अल्कोहोल आणि स्वच्छ कापड.

तयार किटच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं. सकाळी मोटारींची गर्दी असते, दुपारनंतर जा. सायकल धुऊन, पूर्ण वाळवून न्या, आणि फिल्म लावल्यावर निदान एक दिवस पावसात काढू नका.