कूलरच्या शहरात टेप इको: दहा महिने वापरल्यानंतर

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत बनवलेला टेप इको, म्हणजे कॅसेटच्या रिळावर आवाजाचा प्रतिध्वनी तयार करणारं यंत्र, अजून चालू आहे. त्यातलं मूळचं आता प्लायवूड, मोटर आणि एक हेड एवढंच उरलंय. बाकी सगळं दहा महिन्यांत एकदा तरी बदलून झालं. बनवायला नऊ दिवस लागले, सांभाळायला त्यानंतरचे सगळे. बनवून झाल्या झाल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ दिला.

मी बेंजो वाजवतो. बटणांचा, पिकअप लावलेला, आपल्याकडे धुमालमध्ये, म्हणजे वरातीतल्या बँडमध्ये, असतो तो. नागपुरात लहानपण गेलेल्या माणसाच्या कानात बेंजो बसलेला असतो तो इकोसकटच. सुका बेंजो ऐकला की टिनाच्या डब्यावर कोणी चमचा मारतंय असं वाटतं. आधी मी नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेला पीटी 2399 चा इको बोर्ड वापरत होतो. कराओकेच्या स्वस्त मिक्सरमध्ये असते तीच ही चिप. दोनशे-सव्वादोनशे रुपयांत काम होतं आणि खोटं कशाला बोलू, लग्नाच्या स्टेजवर मी आजही तोच नेतो. पण घरी रात्री एकटा वाजवताना त्याचा कंटाळा येतो. पाचवा इको हा पहिल्याचाच भाऊ, फक्त थोडा खरखरीत. वेळ तीनशे-साडेतीनशे मिलीसेकंदांच्या पुढे ताणली की खरखर वाढते आणि आवाज वाळूत घोळवल्यासारखा होतो.

टेपचं गणित मात्र शाळेतलं आहे: अंतर भागिले वेग. रेकॉर्ड करणारं हेड आवाज रिळावर लिहितं, थोड्या अंतरावरचं दुसरं हेड तोच वाचतं, मधला प्रवास म्हणजे इको. कॅसेटचा वेग सेकंदाला 4.76 सेंटीमीटर. माझं पहिलं वाचणारं हेड रेकॉर्ड हेडपासून 15 मिलिमीटरवर आहे, म्हणजे 315 मिलीसेकंद. दुसरं 30 मिलिमीटरवर, म्हणजे 630. मिनिटाला 95 मात्रांचा केरवा लावला की दुसरं हेड बरोबर मात्रेवर येतं आणि पहिलं अर्ध्यावर. हे मी ठरवून केलं नाही. हेडच्या धातूच्या खोक्याची रुंदीच अशी की त्याहून जवळ ती बसेनात. नशीब म्हणायचं.

ही युक्ती काही नवी नाही. लंडनच्या चार्ली वॉटकिन्सचं कॉपीकॅट हे टेप इकोचं यंत्र 1958 मध्ये आलं, रोलँडचं आरई-201 1974 मध्ये. त्याआधी मेम्फिसच्या सन स्टुडिओत रेकॉर्डरच्या दोन हेडमधल्या याच अंतरातून गाण्याला तो प्रसिद्ध ‘थाप’ इको दिला जायचा. आरई-201 मधली एक गोष्ट मी सरळ उचलली. त्यात रिळाची टोकं जोडून केलेलं वेटोळं कशावर ताणून बसवलेलं नसतं. एका उथळ खोक्यात ते मोकळं लोळतं आणि कॅपस्टन, म्हणजे मोटरवर फिरणारी बारीक दांडी, त्याला ओढत राहतो. पहिले तीन दिवस मी स्प्रिंगचा ताण देणारा दांडा बनवण्यात घालवले होते. तो काढून टाकला आणि आवाजाचं हेलकावणं निम्म्यावर आलं.

सामानासाठी नागपूरच्या महाल भागात टेप दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “काऊन बाप्पा, मोबाइलमधे नाही का येऊन राहिला हा आवाज? त्या रिळाच्या मांगं कायले लागला?” मग स्वतःच पोटमाळ्यावर चढून धुळीने माखलेला एक कॅसेट डेक काढून आणला. सहाशे रुपये घेतले आणि वर बजावलं, “बेल्टचं डांबर झालं असंल, बोट लावशीन तं धुवून निघनार नाही.” खरंच निघालं नाही. दोन दिवस ऑफिसात काळी बोटं घेऊन फिरलो.

तो डेक घेतला नसता तर हे यंत्र वाया गेलं असतं, कारण सुरुवात मी बाबांच्या जुन्या मोनो टेपवर केली होती. स्वस्त टेपमध्ये रिळावरचा जुना आवाज पुसायला साधा चुंबक असतो. त्याने आवाज पुसला जातो, पण मागे सुस्स राहतं, आणि इकोमध्ये ते सुस्सच फिरून फिरून वाढतं. काकांच्या डेकमध्ये पुसायला आणि रेकॉर्डिंगच्या बायसला (रेकॉर्डिंग स्वच्छ यावं म्हणून आवाजात मिसळतात तो सिग्नल) दोन्हीकडे ऐकू न येणारी उच्च वारंवारता वापरलेली होती. म्हणून त्याचा रेकॉर्डिंगचा बोर्ड मी हातही न लावता जसाच्या तसा ठेवला. फक्त वाचणाऱ्या हेडांचा बारीक सिग्नल मोठा करायला एलए 3161 चा प्रीअँप लावला, कार स्टिरिओत असायचा तोच, म्हणजे दोन हेडांना दोन चॅनल एकाच आयसीत. मोटरला मात्र वेगळा सप्लाय द्या. मी एकातूनच भागवायला गेलो तर मोटरच्या ब्रशची करकर प्रत्येक स्वराखाली ऐकू यायची.

हेडसमोर रीळ दाबून धरायला जुन्या कॅसेटमधलीच गादी वापरली. पितळी पात्यावर चिकटवलेला नमद्याचा तो तुकडा, सात-आठ मिलिमीटरचा. आपण शेकडो कॅसेट हाताळल्या, पण तो कोणी नीट बघत नाही. त्याचं पातं केसभर जास्त वाकलं की रीळ अडखळतं, कमी वाकलं की आवाज कापसात गुंडाळल्यासारखा होतो. आणि हेडच्या बाजूचा तो स्प्रिंगवाला, हेडचा कल बदलणारा छोटा स्क्रू, तो तर खरा मालक. दुसऱ्या हेडचा इको सुरुवातीला इतका बुजलेला यायचा की मी हेडच खराब समजून बसलो होतो. मग एका हाताने बेंजोची सगळ्यात वरची तार छेडत दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवायला लागलो. पाव फेरा, काही नाही. आणखी थोडा, आणि एकदम नखाचा टणत्कारसुद्धा परत यायला लागला. तिथेच नेलपॉलिशचा थेंब टाकून स्क्रू बंद केला. त्याला अजून हात लावलेला नाही.

आवाजाबद्दल. पहिला इको जवळजवळ मूळ स्वरासारखाच. दुसऱ्यात वरची धार जाते, तिसऱ्यात स्वर किंचित हलायला लागतो. पाचव्या-सहाव्यापर्यंत बेंजो बेंजो उरत नाही, लांबून कुणीतरी पेटीचा भाता हलवतंय असं वाटतं. रिपीटचा नॉब घड्याळातल्या तीनच्या जागेपुढे नेला की स्वतःच स्वतःला गिळत तो घुमायला लागतो, पण फुटत नाही. रिळाला चुंबकत्व घ्यायची मर्यादा असते, त्यामुळे गोंगाटही गोलसर राहतो. यासाठीच हे यंत्र बनवावं, एवढं मी खात्रीने सांगेन. मी आता सावकाश वाजवतो, कारण तिसऱ्या इकोवर काय होतंय ते ऐकावंसं वाटतं.

आता तक्रारी, आणि त्या पुष्कळ आहेत.

वेटोळं साठ सेंटीमीटरचं, म्हणजे एक फेरी साडेबारा सेकंदांची. तासाला दोनशे पंच्याऐंशी वेळा तोच तुकडा हेडवर घासतो. साधारण वीस तासांनी आवाजात खड्डे पडायला लागतात. कॅसेटच्या साइड बी प्रमाणे वेटोळं उलटं करून पुन्हा वीस तास काढू, असा माझा हिशेब होता. फसला. हेड रिळाच्या पूर्ण रुंदीवर घासतं, त्यामुळे साइड बी न वाजवताच झिजलेली होती. बरं तर बरं, एका सी-60 मध्ये, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये, शहाऐंशी मीटर रीळ असतं, म्हणजे एकशे चाळीसच्या वर वेटोळी. सी-90 वापरू नका. तिचं रीळ बाराच मायक्रॉनचं असतं, सी-60 चं अठराच्या आसपास. सी-90 चं एक वेटोळं माझ्याकडे चार तासांत दोरी झालं.

एकदा रात्री एक वाजता नवीन वेटोळं जोडलं. इको साडेबारा सेकंद चांगला यायचा, मग साडेबारा सेकंद जवळजवळ गायब, मग पुन्हा हजर. अर्धा तास सोल्डरिंग तपासलं, प्रीअँप उघडला. शेवटी वेटोळं बोटांवर घेऊन फिरवलं तेव्हा कळलं की जोडताना त्याला एक पीळ पडलाय. एका फेरीला हेडसमोर ऑक्साइडची, म्हणजे आवाज धरणारी बाजू, दुसऱ्या फेरीला पाठ. झोपेत जोडकाम करू नये.

दुसरा प्रकार भुताचा. पुसणाऱ्या हेडवर मळ साचला की जुना आवाज पूर्ण पुसला जात नाही आणि एका फेरीनंतर बारीक आवाजात परत येतो. आईने स्वयंपाकघरातून “पोळ्या झाल्या” म्हणून हाक मारली. माइक चालू होता. मी उठेपर्यंत यंत्रातून ती पुन्हा दबक्या आवाजात बोलावून राहिली होती. आता दर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडी. कॅपस्टनवर रीळ दाबणाऱ्या रबराच्या चाकाला मात्र अल्कोहोल लावत नाही, ते कडक होतं. साबणाचं पाणी पुरतं.

आणि नागपूर. थंडीत यंत्र एकदम शहाणं होतं, डिसेंबर-जानेवारीत मी त्याला विसरून वाजवलं. एप्रिलमध्ये हवा कोरडी झाली तशी रीळ खोक्याच्या अॅक्रिलिकला चिकटायला लागलं. स्थिर विजेमुळे भिंतीला फुगा चिकटतो, तसं. तळाला पत्रा टाकून तो ग्राउंडला जोडला, थांबलं. मग मे. आमचं घर नंदनवन भागात, वरच्या माळ्यावर, स्लॅब दिवसभर तापलेला. जोडाला मी साधी चिकटपट्टी वापरली होती. 45 अंशांच्या पुढे तिचा गोंद वितळून कडेने बाहेर आला, हेडवर बसला, आणि प्रत्येक फेरीला ‘टप्प’. घड्याळासारखं. रिळाच्या जोडासाठी वेगळी, गोंद न सोडणारी पट्टी मिळते. ती पहिल्याच दिवशी घ्या आणि काप तिरपा द्या, सरळ काप हेडवरून जाताना ऐकू येतो.

मग कूलर लावला. लावताक्षणी स्पीकरमध्ये घूंऽऽ. मी दोन दिवस हेडभोवती पत्रे ठोकत बसलो, फरक शून्य. शेवटी यंत्राच्या पत्र्याला टेस्टर लावला तर तो मिणमिणला. घरातल्या बोर्डांची अर्थिंगची वायर एकमेकांना जोडलेली, पण पुढे जमिनीत गेलेलीच नाही. कूलरची गळती तिच्यावरून फिरून माझ्या यंत्रात येत होती. आई कित्येक दिवस म्हणायची, कूलरमध्ये पाणी भरताना झिणझिण्या येतात. आम्ही “चप्पल घालून भर” म्हणून मोकळे. दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं. घूं गेलं, झिणझिण्याही गेल्या. या यंत्रावर झालेल्या खर्चात आई फक्त हाच खर्च योग्य मानते.

तरी कूलरची ओल राहतेच. दमट हवेत रीळ कॅपस्टनला चिकटतं आणि सुटायच्या ऐवजी त्याच्याभोवती गुंडाळत जातं. डोळ्यांदेखत काही सेकंदांत साठ सेंटीमीटर रिळाची गाठ. कूलरच्या झोताकडे पाठ करून यंत्र ठेवलं आणि कॅपस्टन रोज पुसला तेव्हा जमलं. जुलै-ऑगस्टमध्ये हेच थोडं कमी प्रमाणात, शिवाय नमद्याच्या गाद्या ओलसर होऊन किंचित चिरकतात. त्यावर उपाय सापडलेला नाही.

आणखी एक. मोटर गरम होईपर्यंत वेग सरकत राहतो, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं तबल्याच्या अॅपबरोबर वाजवायला जाऊ नका. वाद्य लावायला तेवढा वेळ जातोच म्हणा.

एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत, अर्थिंग सोडून. मला कोणी बनवून मागितलं तर देणार नाही, कारण पुढचा उन्हाळा माझ्याच डोक्यावर येईल. स्वतः बनवणार असाल तर दोन डेक घ्या, एक उचकटायला आणि एक सुट्या भागांसाठी. मी एकच घेतला होता आणि दुसऱ्यासाठी मार्चमध्ये पुन्हा महालात गेलो, तेव्हा काकांनी आठशे मागितले. “आता गिऱ्हाईक आहे ना त्याले,” म्हणाले.

सध्याचं वेटोळं सतरा तासांवर आहे. शनिवारी बदलीन, कापून ठेवलेली अजून अकरा आहेत.