पडद्यावरचे २६ अंश आणि मागच्या थरातली पिल्ले : वातानुकूलित गाडीचा वापरानंतरचा अनुभव

एक दिवसाची पिल्ले आणि उबवणीची अंडी नेण्यासाठी घेतलेल्या पफ बॉडीच्या, म्हणजे भिंतींत उष्णता अडवणारा फोम भरलेल्या, वातानुकूलित गाडीबद्दल मी एप्रिलमध्ये लिहायला बसलो असतो, तर पैसे वाया गेले एवढेच लिहिले असते. आता पावसाळा सरत आला आहे आणि ते मत बरेच बदलले आहे. एका गोष्टीवरचा राग मात्र तसाच आहे, आणि ती गोष्ट म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची जागा. कंप्रेसरची क्षमता, पफची जाडी, बॉडीची लांबी ही माहिती गाडी घेऊ पाहणाऱ्यांनी आधीच जमवलेली असते. म्हणून ती येथे देत नाही.

या गाडीतला सेन्सर पुढच्या भिंतीवर, छताजवळ, ब्लोअर आतली हवा परत ओढून घेतो त्या जाळीमागे बसवलेला आहे. आइस्क्रीम किंवा औषधे नेणाऱ्या गाडीत हे चालून जाते, कारण तो माल श्वास घेत नाही आणि स्वतः ऊबही तयार करीत नाही. पिल्लांच्या गाडीत शंभर-शंभर पिल्लांचे बॉक्स थरावर थर लागतात आणि प्रत्येक बॉक्स ही स्वतंत्र शेगडी असते. ब्लोअरची गार हवा पुढच्या वरच्या बॉक्सवर आपटते आणि मागे पोहोचण्याआधी तिथूनच जाळीत परत शिरते. सेन्सरच्या लेखी गाडी गार झालेली असते, त्यामुळे कंप्रेसर बंद पडतो, आणि या कंट्रोलरच्या रचनेप्रमाणे त्याच्यासोबत ब्लोअरही थांबतो. केबिनमधल्या पडद्यावर २६ अंश दिसत असतात, पण मागच्या दाराजवळच्या मधल्या थरात बॉक्सच्या आतली हवा ३५ च्या पुढे गेलेली असते. म्हणजे एकाच गाडीत पुढची पिल्ले गारठून एकमेकांच्या अंगावर चढतात आणि मागची चोच उघडून धापा टाकतात.

हे कळले ते आटपाडीच्या शेडवर. पुणे जिल्ह्यातल्या हॅचरीतून (अंडी उबवण्याच्या केंद्रातून) निघून खंबाटकी, सातारा, कराड, विटा, भिवघाट या मार्गाने गाडी पोहोचली होती, पडदा संपूर्ण प्रवासभर २६ दाखवत होता, आणि बॉक्स उतरवताना शेतकरी म्हणाले, "अण्णा, मागची पिल्ली धापायला लागलीत बघा." त्या लॉटमध्ये पहिल्या आठवड्याची मरतूक मागच्या बॉक्समधल्या पिल्लांतच जास्त झाली, आणि जी वाचली त्यांची वजने विषम राहिली.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पोटातल्या बलकावर जवळजवळ ७२ तास तग धरता येते, हे सगळ्यांना माहीत असते, आणि त्यामुळे प्रवासाचे काही तास फार मनावर घेतले जात नाहीत. परंतु बलक भूक भागवतो, उष्णता थोपवत नाही. पिल्लाला घाम येत नाही; धाप लागली की शरीरातले पाणी श्वासावाटे उडून जाते आणि ते शेडवर पोहोचते तेव्हा खाद्याकडे वळण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. स्वतःच्या शरीराचे तापमान नीट सांभाळायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी ते काम गाडीनेच करायचे असते. बॉक्सच्या आतली हवा ३० ते ३२ अंश, आर्द्रता निदान ५० टक्के, आणि पिल्लाचे गुदद्वाराशी मोजलेले तापमान ३९.४ ते ४०.५ अंश असावे. लहान मुलांचा कानातला ताप मोजण्याचा थर्मामीटर या कामाला उत्तम चालतो. पुढच्या, मधल्या आणि मागच्या बॉक्समधली मोजकी पिल्ले तपासली की पडद्यापेक्षा अधिक खरी माहिती मिळते. ४१ अंशांच्या वर पिल्लू धापू लागलेच म्हणून समजावे.

कंपनीच्या सेवा विभागाशी झालेला वाद थोडक्यात सांगतो, कारण तो अजून मिटलेला नाही. तंत्रज्ञ आले, त्यांनी रिकामी गाडी अर्धा तास चालवली, पडदा पाहिला आणि "साहेब, मशीन ओके आहे" असा शेरा लिहिला. रिकाम्या गाडीत ऊब देणारे काहीच नसते, मग तपासणी नेमकी कशाची झाली? माल भरून तपासा, असा माझा आग्रह होता. त्यावर सेन्सर ठरलेल्या जागीच आहे, त्यामुळे हा दोष वॉरंटीत बसत नाही, असे लेखी उत्तर आले. ठरलेली जागाच चुकीची आहे हे माझे म्हणणे त्या उत्तरात कुठेही घेतलेले नाही.

शेवटी कराडच्या एका एसी मेकॅनिकने सेन्सरची वायर वाढवून तो मधल्या रांगेत, बॉक्सच्या उंचीवर आणला आणि ब्लोअर कंप्रेसरपासून वेगळा करून सतत चालू ठेवला. खर्च एका टायरच्याही किमतीचा नव्हता. बॉक्सच्या रांगांमध्ये लाकडी पट्ट्या टाकून वारा फिरण्यास वाट ठेवली आणि बाहेरची हवा आत घेणारी झडप, जी थंडावा वाचवण्यासाठी बंद ठेवण्याचा सल्ला विक्री करणाऱ्यांनी दिला होता, ती उघडली. दर हजार पिल्लांमागे मिनिटाला किमान २५ घनफूट ताजी हवा लागते; दहा हजार पिल्ले असतील तर २५०. ती न मिळाल्यास कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि थंड पण कोंदट गाडीतली पिल्ले सुस्त होऊन उतरतात. झडप उघडल्याने डिझेल थोडे अधिक जळते, हे मला टोचते. पण पिल्लाच्या श्वासात काटकसर करणे मला मान्य नाही.

येथून माझे मत बदलले. मे महिन्यात जतच्या बाजूला बाहेर ४१ अंश असताना मागच्या थरात ठेवलेल्या लॉगरने, म्हणजे तापमानाची सतत नोंद ठेवणाऱ्या यंत्राने, ३२ च्या वर आकडा दाखवला नाही, आणि उतरवलेली पिल्ले शांत, पसरून बसलेली होती. म्हणजे कंप्रेसर, पफ आणि दाराचे रबर, जे खरोखर महाग भाग आहेत, ते सर्व उत्तम आहेत. एवढे चांगले यंत्र एका स्वस्त सेन्सरच्या जागेमुळे निकामी ठरावे, याचेच अधिक वाईट वाटते. एक मर्यादा राहते: कंप्रेसर गाडीच्या इंजिनावर चालतो, त्यामुळे खंबाटकीत किंवा सातारा ते कागल रुंदीकरणाच्या वळणावर वाहतूक अडकली की थंडावा कमी होतो. तेथे इंजिन बंद करायचे नाही, एवढे चालकाला बजावून ठेवावे लागते. हिवाळ्यातला हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. त्याची तक्रार नाही.

अंड्यांच्या फेऱ्यांनी मला सुखद धक्का दिला. गाडी धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून उबवणीची अंडी भरली जातात आणि सेटिंग १८ अंशांवर आणले जाते. जुलैत कराड भागातली हवा २६ अंश आणि पाण्याने जड असते. अशा हवेत १८ अंशांचे अंडे उघड्यावर आले की कवचावर दव धरते, आणि त्या ओलाव्यातून जंतू कवचाच्या छिद्रांत ओढले जातात. जुन्या ताडपत्रीच्या टेम्पोत हे प्रत्येक पावसाळ्यात व्हायचे. आता गाडी आधी थंड करून, ब्रीडर फार्मच्या (उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या फार्मच्या) अंडीखोलीच्या दाराला मागून भिडवून, ट्रे थेट आत घेतले जातात आणि हॅचरीवरही तसेच उतरवले जातात. कवच कोरडे राहते. खाण्याची अंडी, २१० च्या पेट्यांतली, या गाडीत नेणे मात्र परवडत नाही. त्यांना सावली आणि रात्रीचा प्रवास पुरतो.

गाडी घ्यावी का, असे विचारणाऱ्यांना मी घ्या असेच सांगतो. परंतु पैसे देण्यापूर्वी सेन्सर मालाच्या मधोमध आणि ब्लोअर अखंड चालू, या दोन गोष्टी कोटेशनवर लिहून घ्याव्यात आणि ताबा घेताना पिल्ले भरूनच चाचणी करावी. वायरला हात लावल्यामुळे माझ्या कंट्रोलरची वॉरंटी संपल्याचे कंपनीने गेल्या महिन्यात कळवले आहे. लॉगरचे बदलाआधीचे आणि नंतरचे आलेख जोडून मी त्यांना पुन्हा पत्र पाठवले आहे, आणि त्यात पैशांची मागणी नाही. पुढच्या गाड्यांत सेन्सर हलवावा, एवढीच मागणी आहे.