किडनी बायोप्सीत आयजीजी: एफआयटीसीची अँटीबॉडी घ्यावी की एचआरपीची?

किडनीच्या तुकड्यात साचलेलं आयजीजी (रक्तातलं एक प्रतिपिंड) शोधायला खूण जोडलेली अँटीबॉडी लावतात: एफआयटीसी म्हणजे चमकणारा रंग, एचआरपी म्हणजे तपकिरी रंग उमटवणारं एन्झाइम. बाटलीवर यातलं कोणतं आहे, हे नंतर बघू. आधी ती अँटीबॉडी नेमकी कशाला चिकटते ते वाचा. 'एच+एल' लिहिलेली अँटीबॉडी जड साखळीबरोबर हलक्या साखळीलाही धरते, आणि कप्पा-लॅम्डा या हलक्या साखळ्या आयजीए-आयजीएम या इतर प्रतिपिंडांमध्येही असतातच. मग आयजीए नेफ्रोपथीच्या (आयजीए साचण्याच्या किडनीच्या आजाराच्या) मेसँजियममध्ये, म्हणजे ग्लोमेरुलस या गाळणीच्या मधल्या भागात, आयजीजीही चमकतं आणि उगाच ल्यूपसची (अनेक प्रतिपिंडं एकत्र साचवणाऱ्या आजाराची) शंका येते. गॅमा साखळीपुरतीच (आयजीजीच्या जड साखळीपुरतीच) मागवा. तीही एफ-एबी-टू तुकड्याची मिळाली तर उत्तम: अँटीबॉडीचं शेपटीकडचं एफसी टोकच नसल्याने पेशींच्या एफसी रिसेप्टरला चिकटत नाही.

आता रंगाचं. गोठवलेला ३-४ मायक्रॉनचा काप पीबीएसने (खारट बफरने) धुतला की प्लाझ्मातलं सुटं आयजीजी बरंचसं निघून जातं, साचलेलं राहतं. म्हणून एफआयटीसीला काळी, स्वच्छ पार्श्वभूमी मिळते. अँटीबॉडी लावून ओलसर डब्यात अंधारात ३० मिनिटं, पुन्हा धुणं, आणि पीएच ८-९ च्या ग्लिसरॉल बफरमध्ये बसवणं. आम्लात एफआयटीसीचा उजेड मंदावतो. अँटीबॉडी किती पातळ करायची ते ठरवायला माहितीतल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथीच्या (गाळणीच्या पडद्यावर आयजीजी साचण्याच्या आजाराच्या) केसवर १:२०, १:४०, १:८०, १:१६० लावून बघा.

फॉर्मालिनने प्लाझ्मातलं आयजीजी जागच्या जागी गोठतं. एचआरपी-डीएबीत (डीएबी म्हणजे एचआरपीमुळे तपकिरी होणारं रसायन) सगळा इंटरस्टिशियम, म्हणजे नलिकांच्या मधला भाग, तपकिरी दिसतो तो यामुळेच, डायल्यूशन बदलून फारसं सुधारत नाही. झाकलं गेलेलं आयजीजी उघडं करायला द्यायच्या प्रोटिएजची (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमची) वेळही नाजूक: कमी पडली तर रंग येत नाही, जास्त झाली तर बेसमेंट मेम्ब्रेन (गाळणीचा पातळ पडदा) विरते, काप स्लाइडवरून सुटतो. फायदा खरा आहे: साधा मायक्रोस्कोप पुरतो, स्लाइड वर्षानुवर्षं टिकते.

तेव्हा नमुना मिशेल्स माध्यमात (न गोठवता, फॉर्मालिनशिवाय नमुना पाठवायच्या द्रावणात) येत असेल तर एफआयटीसीच. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला असेल तर त्याच एफआयटीसी अँटीबॉडीने प्रोनेज (एक प्रोटिएज) दिलेल्या पॅराफिन कापावर प्रयत्न होतो. कधी कधी लपलेलं आयजीजीही तिथेच उघडं पडतं. पण अँटी-जीबीएम (गाळणीच्या पडद्यावरच हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीचा आजार) आणि मेम्ब्रेनस त्यात निसटू शकतात, तेव्हा निगेटिव्हवर विसंबू नका.

एचआरपीची हक्काची जागा वेगळी: आयजीजी-४ (आयजीजीचाच एक उपप्रकार) संबंधित आजार. तिथे मोजायच्या असतात प्लाझ्मा पेशी, आणि आयजीजी-४ चं आयजीजीशी प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे का ते.

एफआयटीसीवर गाळणीच्या पडद्यालगत आयजीजीची सरळ रेघ दिसली की शेजारी अल्ब्युमिनची स्लाइड हवीच. दोन्ही सारखेच चमकले तर मधुमेह आधी आठवा, अँटी-जीबीएम नंतर.

वापरण्याआधी अँटीबॉडी सेंट्रिफ्यूज करा. जुन्या बाटलीतल्या गुठळ्या ग्लोमेरुलसवर हुबेहूब दाणेदार साठ्यासारख्या दिसतात. ओळखायची खूण एकच: त्या कापाबाहेरच्या रिकाम्या काचेवरही चमकतात.