चहा सोडून गव्हाची कॉफी, आंबील आणि वामकुक्षी: संक्रांत ते दिवाळी

मी मुद्रितशोधनाचं काम करते. वर्षभर पुस्तकं, आणि पावसाळा लागला की दिवाळी अंक. या कामात लक्ष टिकलं की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही. दुसऱ्या वाचनात आपल्याच नजरेतून निसटलेल्या वेलांट्या आणि उकार किती सापडतात, यावरून ते कळतं. संक्रांतीनंतर मी चहा-कॉफी बंद करून पर्याय एकेक करून वापरले, तेव्हा हाच निकष ठेवला. चवीला काय बरं लागलं हे सांगेनच, पण खरा प्रश्न एवढाच होता की दुपारी तीन ते सहा या वेळात प्रूफं नीट वाचली जातात का.

चहा सोडण्याचं कारण झोप. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली होती. ४०० मिलिग्रॅम म्हणजे बरंच, आपल्या एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. पण सकाळपासून पाच-सहा कप, त्यातला शेवटचा संध्याकाळी सहाला, असा क्रम असेल तर रात्री डोळा उशिरा लागतो, सकाळी जड वाटतं आणि ते जडपण घालवायला पुन्हा चहा लागतो.

सोडताना एकदम सोडू नका. दर आठवड्याला एक कप कमी करत गेलं तर त्रास फारसा होत नाही. एकदम बंद केलं तर साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, आणि हे काही दिवस, कधी आठवडाभरही चालतं. आमच्याकडे एकादशीला चहासुद्धा न घेणाऱ्यांचं डोकं दुपारनंतर दुखतं आणि दोष पित्ताला जातो. त्यात चहाचा वाटा किती, हे एकदा चहा चालू ठेवून पाहावं.

पर्यायांबद्दल आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पाकिटांवर ती कुणी सांगत नाही. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे थकवा जाणवतो. कॅफीन त्या द्रव्याच्या जागा अडवून बसतं. थकवा तसाच राहतो, फक्त जाणवत नाही. हे काम करणारा कॅफीनविरहित काढा मला सापडला नाही. ‘नैसर्गिक ऊर्जा’ असं लिहिलेली जी पावडर खरोखर तरतरी देते, तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ग्वाराना, येर्बा माते, ग्रीन टी, माचा यांतलं काहीतरी असतं, आणि या सगळ्यांत कॅफीन आहे. ग्वारानाच्या बियांत तर कॉफीच्या बियांपेक्षाही जास्त. चहा सोडून अशी पावडर घेणाऱ्यानं कॅफीन सोडलेलंच नसतं.

आता गव्हाची कॉफी. आमच्या घरात ही जुनीच. गांधीजींनीही दक्षिण आफ्रिकेत असताना आरोग्यावर लिहिलेल्या लेखांत तिची कृती दिली आहे. गहू निवडून कोरडेच लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. आधी तांबूस होतात, मग गडद, आणि काळे पडायच्या बेतात आले की लगेच उतरवायचे, कारण कढईच्या उष्णतेनं ते पुढेही भाजले जातात. गार झाल्यावर जाडसर दळायचे. कपाला एक चमचा पूड, पाण्यात दोन मिनिटं उकळी, मग गाळून दूध. खमंग लागते, किंचित कडवट. गूळ घालायचा तर खाली उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. चिकोरीची नुसती पूडही मी आणली. गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकणारं हे मूळ आपण एरवी कॉफीत मिसळून पितो. चव कॉफीच्या जास्त जवळची, पण त्यातल्या इन्युलिन नावाच्या तंतुमय पदार्थामुळे मला पोटात वारा धरायचा. तरतरी दोन्हींनी शून्य. मात्र हातात गरम कप धरून पाच मिनिटं पानावरून नजर काढण्याची जी सवय आहे, तिला गव्हाची कॉफी पुरते, आणि ती सवय माझ्या अंदाजापेक्षा खूप मोठी होती. गव्हाचं वावडं असेल तर धने-जिऱ्याचा काढा किंवा गवती चहा आणि आलं. बाकी त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

खरा फरक पडला तो आंबिलीनं. साडेचारला मी स्वयंपाकघरात घुटमळायला लागले की सासूबाई म्हणायच्या, ‘अगं, भूक लागलीय तुला, चहा काय शोधतेस!’ ते खरंच होतं. साडेबाराला पोळी-भाजी-भात झाला की मधे काहीच नसायचं, आणि साखरेचा चहा ती भूक तासभर मागे ढकलायचा. आता रात्री नाचणीचं पीठ थोड्या ताकात कालवून ठेवते. सकाळी उकळत्या पाण्यात सोडून, ढवळत, कच्चा वास जाईपर्यंत शिजवते. गार झालं की ताक, मीठ, जिरेपूड आणि ठेचलेली लसणाची पाकळी. चारच्या सुमारास एक मोठा पेला. साडेसहापर्यंत पोट शांत राहतं आणि वाचताना ओळ परत परत पहिल्यापासून वाचावी लागत नाही. पावसाळ्यात गार आंबील नको वाटते, तेव्हा सातूचं पीठ. आमच्याकडे ते गहू आणि डाळं भाजून, जिरं-सुंठ घालून दळतात आणि दूध-गुळात कालवतात. बिहारी सत्तू निव्वळ भाजक्या हरभऱ्याचा, तो मी पाण्यात मीठ, लिंबू आणि बारीक कांदा घालून घेतला. प्रथिनं त्यात जास्त, आणि गूळ नसल्यामुळे नंतर सुस्ती येत नाही. मधुमेह असेल त्यांनी गुळाऐवजी हाच प्रकार करावा.

ब्राह्मी आणि अश्वगंधा यांची जाहिरात सगळ्यात जास्त, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे, वैद्यांना विचारून घेतल्या. ब्राह्मी घेताना कुठली वनस्पती मिळतेय ते पाहा. एक पाणथळ जागी वाढणारी जाडसर, छोट्या पानांची नीरब्राह्मी, दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी. बाजारात दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकतात. ज्या नीरब्राह्मीवर जास्त चाचण्या झाल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच १२ आठवड्यांच्या आहेत आणि जो थोडा फायदा दिसला तो आठवणीच्या बाबतीत. दुपारी डोळे मिटायला लागल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही. मी तीन महिने घेतली. निसटणाऱ्या चुकांत मला फरक दिसला नाही, आणि रिकाम्या पोटी घेतली की मळमळायचं. अश्वगंधेच्या मुळांचं चूर्ण रात्री दुधातून घेतलं, त्यानं झोप थोडी गाढ झाली असं वाटलं. दिवसा जागं राहण्यासाठी म्हणून ते घेण्यात अर्थ नाही. गरोदरपणात, थायरॉइडच्या गोळ्या चालू असताना किंवा यकृताचा त्रास असताना ते स्वतःच्या मनानं मुळीच घेऊ नये. डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र ती किराणा दुकानातही मिळते, आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय काय होणार’ असं म्हणून लोक चमच्यानं खातात, याची मला काळजी वाटते.

चूर्णांवर खर्च करण्याआधी रक्त तपासून घ्या, हे मी विशेषतः बायकांना हात जोडून सांगेन. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. जेवणाला लागून घेतलेल्या चहातली टॅनिन ही तुरट द्रव्यं अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असं म्हटलंय ते यासाठीच. माझं फेरिटिन तळाला होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या लिंबूपाण्याबरोबर घेत होते. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस जिना चढताना लागणारी धाप थांबली. वर लिहिलेल्या आंबिलीच्या गुणात या गोळ्यांचाही हात आहे, ते वेगळं काढून दाखवणं मला शक्य नाही.

उरली वामकुक्षी. जेवणानंतर डाव्या कुशीवर वीस मिनिटं, गजर लावून. गजर महत्त्वाचा, कारण तासभर झोपलं की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास डोकं चालत नाही. सुरुवातीला झोप लागली नाही तरी पडून राहायचे. उठल्यावर गच्चीत दहा मिनिटं उजेडात चालायचं. लक्ष लागण्याच्या बाबतीत सगळ्यांत वरचा क्रमांक मी हिला देईन, पण कचेरीत काम करणाऱ्यांना ही सोय नाही याची जाणीव आहे. जिथे शक्य आहे तिथे मागावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एका ठिकाणी मात्र यातलं काहीच पुरलं नाही. दिवाळी अंक छपाईला जायच्या आधीच्या रात्री पानं येतात, बदलतात, पुन्हा येतात, आणि दीड-दोन वाजता जाहिरातींमुळे मजकूर पुढेमागे झालेला पुन्हा वाचावा लागतो. तेव्हा मी कॉफी घेतली, दोनदा घेतली, आणि तिनं काम केलं. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा एसटीच्या चालकाला सातूच्या पिठावर जागं राहा असं मी सांगणार नाही. यंदा संपादकांकडे शेवटची प्रूफं एक दिवस आधी देण्याची मागणी केली आहे. दोघांनी होकार दिला, तिसऱ्यांच्या निरोपाची वाट पाहते आहे.